ईमेलला वाट दाखवणारी नोंद

यवतमाळच्या जिल्हाधिकारी कार्यालयाच्या ईमेल पत्त्यात ‘ॲट’च्या चिन्हापुढे ‘महाराष्ट्र डॉट गव्ह डॉट इन’ येते. जिल्ह्याचे संकेतस्थळ मात्र ‘यवतमाळ डॉट गव्ह डॉट इन’ या नावाने उघडते. संकेतस्थळ एकीकडे आणि ईमेल दुसरीकडे असली तरी काही अडत नाही, कारण दोन्हींच्या वाटा वेगळ्या असतात. ‘ॲट’पुढच्या भागाला डोमेन म्हणतात, आणि त्या डोमेनची ईमेल कोणत्या सर्व्हरने स्वीकारायची हे एमएक्स नावाची नोंद सांगते.

कागदी पत्राला पिनकोड वाट दाखवतो. श्रीराम भिकाजी वेलणकरांनी आखलेली ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ला सुरू झाली. यवतमाळ ४४५००१, पुसद ४४५२०४, वणी ४४५३०४. पहिले तीन आकडे पाहताच पत्र कोणत्या जिल्ह्याच्या थैलीत टाकायचे ते कळते. पिनकोड पाठवणाऱ्याला लिहावा लागतो. ईमेलमध्ये वाटेचा शोध पाठवणाऱ्याचा सर्व्हर स्वतः घेतो. एमएक्स नोंद जिथे सापडते ती इंटरनेटवरच्या नावांची नोंदवही, म्हणजे डीएनएस, पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३मध्ये मांडली. एमएक्स नोंदीवरून ईमेल कशी न्यायची याचे नियम क्रेग पार्ट्रिज यांनी जानेवारी १९८६मध्ये लिहिले.

समजा, वणीतल्या एका पतसंस्थेच्या डोमेनला दोन एमएक्स नोंदी आहेत. एकीत १० हा आकडा आणि मुख्य सर्व्हरचे नाव, दुसरीत २० आणि राखीव सर्व्हरचे नाव. लहान आकड्याचा मान पहिला. तो सर्व्हर बंद असेल तरच २०चा दरवाजा ठोठावला जातो. दोन्ही बंद असले तर ईमेल पाठवणाऱ्याकडेच रांगेत थांबते, साधारण चार-पाच दिवस पुन्हा पुन्हा प्रयत्न होतो आणि मग न पोचल्याचा निरोप परत येतो. या साऱ्या प्रवासात ‘ॲट’च्या आधीचे नाव कुणी पाहत नाही, ते शेवटच्या सर्व्हरवरच उपयोगी पडते.

नोंदीत सर्व्हरचे नावच लिहावे लागते, आयपी पत्ता, म्हणजे सर्व्हरचा आकडी पत्ता, चालत नाही. एमएक्स नोंद मुळीच नसेल तर ईमेल थेट डोमेनच्या स्वतःच्या आयपी पत्त्यावर जाते, आणि तिथे बहुधा फक्त संकेतस्थळ असते.

खरा घोटाळा इथेच होतो. संस्था संकेतस्थळ नव्या कंपनीकडे नेते, त्यासोबत नेमसर्व्हर, म्हणजे डोमेनच्या नोंदी ठेवणारे सर्व्हर, बदलतात आणि जुन्या एमएक्स नोंदी नव्या ठिकाणी उतरवून घ्यायच्या राहतात. संकेतस्थळ झकास दिसते, पण ठेवीदारांच्या ईमेल येणे थांबते. म्हणून आधी सगळ्या नोंदी लिहून घ्याव्यात. प्रत्येक नोंदीला टीटीएल नावाची मुदत असते. ती ८६,४०० सेकंद असेल तर जुने उत्तर इतरांच्या सर्व्हरवर दिवसभर टिकू शकते. ईमेलसेवा बदलायची असेल तर मुदत आदल्या दिवशीच ३०० सेकंदांवर आणावी आणि जुना सर्व्हर आणखी काही दिवस चालू ठेवावा. ही काळजी कंटाळवाणी वाटली तरी टाळू नये.

विंडोजमधल्या एनएसलुकअप आदेशाने कोणत्याही डोमेनच्या एमएक्स नोंदी पाहता येतात. मात्र त्या फक्त येणाऱ्या ईमेलपुरत्या असतात. संस्थेच्या नावाने ईमेल कोणी पाठवावी हे एसपीएफ ही वेगळी नोंद सांगते, आणि ती वेगळी भरावी लागते.