विचित्र विद्या आणि त्यांचे उपासक

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिंद्रुड येथे केलेले भाषण)



कार्यवाहांनी आम्हांस बोलण्याची आज्ञा केली आणि विषयाची निवड आमच्यावरच सोपविली. वधूवर-परिचय, शिष्यवृत्त्या आणि वसतिगृहाचा जमाखर्च यांवर बोलण्यास आमच्याहून अधिकारी मंडळी येथे बसली आहेत. आम्ही मॅट्रिकपर्यंत शिकलेले, जन्मभर मुलांकडून पाढे घोटून घेतलेले शिक्षक. विद्येचे भांडवल बेताचेच. परंतु एक खोड मात्र आहे. कोणी विद्वान मनुष्य गाडीत किंवा लग्नाच्या पंगतीत शेजारी आला, की "आपण काय करता?" एवढ्यावर आम्ही त्यास सोडीत नाही. "म्हणजे नेमके काय करता?" असे पुन्हा विचारतो. या दुसऱ्या प्रश्नाने आम्हांस जे मिळाले, त्यातील थोडेसे आज आपणांपुढे ठेवतो. ही खोड आम्हांस उशिरा लागली. ती का लागली, तेही सांगू.

पुण्यास पुतण्याच्या घरी उतरलो असता एका गृहस्थांची गाठ पडली. पुतण्याने हसत ओळख करून दिली, "काका, हे झाडांची कडी मोजून पगार घेतात." गृहस्थही हसले. आम्ही दुसरा प्रश्न विचारला आणि चहा निवून गेला. पुण्यातील उष्णदेशीय हवामानाचा अभ्यास करणाऱ्या संस्थेत सागाच्या खोडातील वार्षिक कड्यांवरून जुन्या पावसाचा माग काढण्याचे काम पुष्कळ वर्षे झालेले आहे. पोकळ गिरमिटाने खोडातून पेन्सिलीएवढी कांडी काढावयाची, ती घासून गुळगुळीत करावयाची आणि सूक्ष्मदर्शकाखाली एकेक कडे मोजावयाचे. झाडास त्याने मरण येत नाही. साग दरवर्षी स्पष्ट कडे धरतो. आंबा, कडुनिंब यांची साक्ष तितकी भरवशाची नाही. सुकाळी कडे रुंद, अवर्षणात अरुंद. पर्जन्यमापकाच्या पद्धतशीर नोंदी आपल्याकडे साधारण दीडशे वर्षांच्या. त्याच्या मागे जावयाचे तर झाडाच्या दारी जावे लागते.

आमच्या मनात तेव्हा १९७२ साल उभे राहिले. आम्ही बारा वर्षांचे होतो आणि आईबरोबर दुष्काळी कामावर खडी फोडीत होतो. दुपारी सुकडी मिळे, घरी तांबड्या मिलोची भाकरी. आमच्या तळहातांवरचे घट्टे केव्हाच बुजले. झाडाच्या पोटात मात्र असल्या सालांची खूण राहून जाते. कडी मोजणारा हा मनुष्य आमच्या आईच्या कष्टांचा हिशेब ठेवणारा आहे, असे आम्हांस वाटले. पुतण्यास ते पटले की नाही, कोण जाणे.

दुसरी गाठ भूगर्भशास्त्राच्या एका अभ्यासकाची. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, अनंतचतुर्दशीच्या विसर्जनाहून परतून मंडळी निजली असता, किल्लारी परिसरात जो भूकंप झाला त्यात सुमारे दहा हजार माणसे गेली. आपल्या गावीही त्या पहाटे माणसे अंगणात आली होती. पुढे हे अभ्यासक या बाजूस आले, तेव्हा पारावर जो तो एकच विचारी, "साहेब, पुन्हा केव्हा होणार?" ते प्रत्येकास नम्रपणे सांगत, "दिवस-वेळ सांगता येत नाही. सांगणारा भेटला तर त्यावर विश्वास ठेवू नका." लोकांचा विरस झाला. इतक्यात, हयातभर विहिरी खणण्यात गेलेले एक वृद्ध गृहस्थ पुढे सरसावले.

"साहेब, हा काळा पाषाण खाली कुठं सरतो का नाही?"

त्या अभ्यासकांचा चेहरा असा उजळला, की विचारू नका. किल्लारीजवळ हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संस्थेने ६१७ मीटर खोल छिद्र घेतले होते. त्यात ३३८ मीटरांवर काळा पाषाण सरला. खाली जुन्या गाळाचा पातळ थर लागला आणि त्याखाली ग्रॅनाइटच्या जातीचा अतिप्राचीन खडक. काळा पाषाण हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूमीच्या भेगांतून वाहून आलेला लाव्हा. ठिकाणाप्रमाणे त्याची जाडी कमी-अधिक असते. वृद्धांनी बोटांवर हिशेब केला. एकशे पंच्याऐंशी परस! "म्हणजे आम्ही जन्मभर नुसती सालच खरवडली की!" असे म्हणून ते जे हसले, त्यात तो अभ्यासकही सामील झाला. भविष्य विचारणाऱ्यांस त्या दिवशी काही मिळाले नाही. आपल्या हातच्या कामातून प्रश्न काढणाऱ्यास पोटभर मिळाले.

प्रश्नाची ही किंमत कै. जयंत नारळीकर यांनी चांगली ओळखली होती. पुण्याच्या आयुका या १९८८ साली स्थापन झालेल्या संस्थेचे ते संस्थापक-संचालक. २० मे २०२५ रोजी ते निवर्तले. मुले स्वाक्षरीसाठी भोवती जमत, तेव्हा ते वहीवर सही करीत नसत. घरी जाऊन पोस्टकार्डावर एक प्रश्न लिहून पाठवा, उत्तर सहीनिशी येईल, असे सांगत. आणि तसे ते खरोखर येई. शेकडो मुलांच्या घरी अशी पोस्टकार्डे गेली. आकाशगंगांच्या पलीकडचे गणित मांडणारा मनुष्य एका शाळकरी पोराच्या पोस्टकार्डासाठी लेखणी उचलतो, हे वाचले तेव्हा आम्ही खाली मान घातली. कारण आमच्याही वर्गात एकदा एक प्रश्न आला होता, आणि त्याचे आम्ही काय केले ते आता सांगावयाचे आहे.

साल १९८४. नोकरी नवी, छडी नवी. फळ्यावर विंचवाचे चित्र काढून आम्ही त्याचे पाय मोजवीत होतो. मागच्या बाकावरून एक मुलगा उठला. "गुरुजी, विंचू पायाला चावला, तर हात गार कसे पडले? आणि एवढा घाम कशानं आला?" आम्ही म्हणालो, "धड्यात नाही ते विचारू नकोस. पाय किती, ते सांग." वर्ग हसला. मुलगा "आठ" म्हणाला आणि बसला. त्याच उन्हाळ्यात त्याची आई विंचवाने गेली होती. ही गोष्ट आम्हांस ठाऊक होती.

पुढे कित्येक वर्षांनी वर्तमानपत्रात डॉ. हिम्मतराव बावस्कर यांच्याविषयी वाचनात आले. आपल्याच मराठवाड्यातले, जालना जिल्ह्यातील भोकरदन तालुक्यातल्या देहेड गावचे. नोकरीच्या आरंभी कोकणात महाडजवळ बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात गेले. तेथे लाल विंचवाने माणसे पटापट मरत होती आणि पुस्तकात उपाय नव्हता. ते रुग्णाच्या खाटेशी रात्रभर बसून टिपणे करू लागले. घाम केव्हा सुटला? हातपाय केव्हा गार पडले? उलटी केव्हा झाली? १९८२ साली इंग्लंडच्या 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा जो लेख प्रसिद्ध झाला, तो नेमका याच लक्षणांवर होता. म्हणजे आमच्या वर्गातला तो प्रश्न धड्याबाहेरचा असेल, परंतु जगाच्या एका श्रेष्ठ नियतकालिकात त्याच्या दोन वर्षे आधीच विचारला गेला होता.

विंचवाचे विष मज्जातंतूंवरील बारीक दारे उघडीच ठेवते. त्यामुळे शरीरात एरवी भीतीच्या क्षणी थेंबभर सुटणारी द्रव्ये लोंढ्याने सुटतात. रक्तवाहिन्या आवळतात, म्हणून हातपाय गार. घामाने अंग न्हाते. हृदय त्या आवळलेल्या नळ्यांविरुद्ध रक्त ढकलता ढकलता थकते आणि फुप्फुसांत पाणी भरते. बावस्करांनी प्राझोसिन हे रक्तदाबावरचे स्वस्त औषध यावर वापरले. त्याने वाहिन्या सैलावतात. त्यावरील त्यांचा लेख १९८६ साली 'लॅन्सेट'मध्येच आला. पूर्वी गंभीर रुग्णांत शंभरांपैकी चाळीसपर्यंत माणसे दगावत. हे प्रमाण एकाच्या आसपास आले. पत्नी डॉ. प्रमोदिनी यांचीही त्यांना या संशोधनात साथ होती. पुढे मुंबईच्या हाफकिन संस्थेची विंचवावरील लसही उपलब्ध झाली आणि लस व प्राझोसिन दोन्ही एकत्र दिल्यास रुग्ण लवकर सावरतो, हे २०११ साली त्यांनी दाखवून दिले. २०२२ साली त्यांस पद्मश्री मिळाली. माताभगिनींनी एवढे ध्यानात ठेवावे: दंशाची कळ कितीही असो, परंतु घाम सुटला, उलटी झाली, हातपाय गार पडले, तर उतारा करणाऱ्याकडे एक घटकाही न दवडता दवाखाना गाठावा.

तो मुलगा आज पन्नाशीत आहे. ऊसतोडीच्या टोळीचा मुकादम असून दरसाल दिवाळीच्या सुमारास माणसे घेऊन कारखान्यावर जातो. कोपीत निजणारी माणसे, भोवती पाचट. विंचू तेथे नेहमीचाच. दोन वर्षांपूर्वी आम्ही त्याच्या घरी गेलो आणि त्या प्रश्नाचे उत्तर, जसे आता आपणांस सांगितले तसे, त्यास सांगितले. औषधाचे नाव कागदावर लिहून दिले. त्या दिवशीच्या हसण्याची क्षमाही मागितली. तो बराच वेळ जमिनीकडे पाहत राहिला. मग कागद खिशात घालून म्हणाला,

"मग गुरुजी, विंचवाला त्याचं सोताचं इख कसं चढत नाही?"

या वेळी आम्ही पाय मोजावयास सांगितले नाही. एका प्राणिशास्त्राच्या प्राध्यापकांस पत्र टाकले. त्यांचे उत्तर आले, की विंचवाच्या मज्जातंतूंवरील दारांची घडण थोडी निराळी असते. त्याच्याच विषाची किल्ली त्यास सहसा लागत नाही. टोळीच्या गाड्या निघण्याच्या आदल्या संध्याकाळी ते पत्र आम्ही त्यास वाचून दाखविले.