ऊब साठवायची ती पाण्यात

संक्रांतीच्या आधीचे हे दिवस वरवंड, पाटस, केडगावच्या पट्ट्यात चांगलेच गारठ्याचे. उसाला पाणी दिलेलं असतं, त्यामुळं पहाटेचा गारवा शिवारात जास्तच झोंबतो. घरात गॅस असला तरी आंघोळीच्या पाण्यासाठी पुष्कळ ठिकाणी अजून बंब पेटतो, नाहीतर चुलीवर हंडा चढतो. आज या जाळाविषयीच बोलायचं आहे.

आधी हिशेब करू. 20 लिटर पाणी 20 अंशांवरून 45 अंशांवर न्यायला 500 किलोकॅलरी उष्णता लागते. एक किलो वाळल्या लाकडात साधारण 3500 ते 4000 किलोकॅलरी असतात. सगळी उष्णता पाण्यात उतरली, तर दीडशे ग्रॅमच्या आतच काम भागेल. पण तीन दगडांच्या उघड्या चुलीवर दहातला जेमतेम एक वाटा पाण्याला मिळतो. म्हणून सव्वा-दीड किलो सरपण जळतं आणि बाईचे डोळे धुरानं चुरचुरतात ते वेगळंच.

रशिया, फिनलंडमध्ये विटांच्या मोठाल्या भट्ट्या घरातच बांधतात. एकदाच धडाडून जाळ करायचा, धूर विटांतून वळणावळणानं फिरवायचा, मग त्या तापलेल्या विटा दिवसभर खोली उबदार ठेवतात. युक्ती उत्तम, पण तिथला हिवाळा सहा-सहा महिने चालतो. आपल्याला खोली उबदार लागते ती दोन महिने, तीही रात्रीपुरती. आपण वीतभर जाडीची चूल घातली, तर सकाळच्या अर्ध्या तासाच्या जाळातला मोठा वाटा ती भिंतच पिऊन टाकते. त्यामुळं माझं स्पष्ट सांगणं आहे की ऊब पाण्यात साठवा. वजनाला वजन धरलं तर पाणी विटेच्या जवळजवळ पाचपट उष्णता धरतं.

नवी चूल घालणार असाल तर तिला वैल ठेवाच. पुढच्या तोंडावर भाकरी होते, तोवर मागच्या वैलावर झाकण घातलेला हंडा तापतो. त्याच्या मागं धुराडं, छपराच्या वर दोन-तीन फूट गेलेलं. जळणाखाली लोखंडी जाळी बसवा, म्हणजे हवा खालून येते. भांड्याच्या कडेनं बोटभरच फट ठेवा. जाळाभोवतीच्या थरात निव्वळ माती नको. चाळलेली राख आणि गव्हाचं भुसकट मिसळून तो हलका करा, तो उष्णता कमी पितो.

जळण कसं घालावं ते गुऱ्हाळावर बघावं. चुलवाणाशी बसलेला गडी उन्हात खडखडीत वाळलेलं चिपाड थोडं थोडं, हात न थांबवता आत सारत असतो. काहिलीखाली ज्वाळा कशी लखलखीत राहते! ओला बाभळीचा ओंडका कोंबला की जाळातली उष्णता त्यातलं पाणी आटवण्यात खर्ची पडते. तुराट्या, मक्याची बुरकुंडं, फोडलेलं सरपण, सगळं वाळवून आडोशाला ठेवा.

बंबाच्या मधल्या नळीला आतून काजळी धरते, ती दर आठवड्याला खरवडा. विस्तव पूर्ण विझल्यावर, आणि बंब अंगणात असेल तरच, नळीच्या तोंडावर पत्रा ठेवा. नाहीतर गार हवा नळीतून वर चढत राहते आणि तापलेलं पाणी निवतं.

आणि उसाचं पाचट शेतात पेटवून देऊ नका, ही विनंती. पुण्यात डॉ. आनंद कर्वे यांच्या ‘आरती’ संस्थेनं त्यापासून कोळसा करण्याची रीत बसवली आणि 2002 साली तिला ॲश्डेन पुरस्कार मिळाला. मात्र कोळसा कुठलाही असो, त्याची शेगडी किंवा निखाऱ्यांचं घमेलं बंद खोलीत घेऊन कुणी झोपू नये. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, माणूस झोपेतच जातो. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना रात्री ऊब हवी असेल, तर बंबातलं गरम पाणी रबरी पिशवीत भरा, बूच घट्ट लावा आणि टॉवेलात गुंडाळून ती त्यांच्या पायाशी द्या.