वकील व्हायचंय? मग हिशोब सहा वर्षांचा करा

(मराठवाड्यातील एका अभ्यासिकेत पदवीच्या शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांसमोर केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



तुमच्यापैकी बहुतेक जण बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहात आणि घरातले पहिले पदवीधर होणार आहात, असं मला सांगण्यात आलं. मीही तशीच. वडील मोंढ्यात हमाली करायचे, आई दुसऱ्यांच्या शेतात खुरपायला जायची. मी एलएल.बी.ला जाते म्हटल्यावर वडिलांनी एकच विचारलं, "किती वर्षांचं असतं हे?" मी सांगितलं, "तीन." ते उत्तर चुकलं होतं. खरं उत्तर होतं सहा. तीन वर्षं कॉलेजची आणि तीन वर्षं कोर्टातली, ज्यात हाती जवळजवळ काहीच पडत नाही. आपली मुलं कॉलेजात कमी गळतात, या दुसऱ्या तीन वर्षांत जास्त गळतात. म्हणून आज मी सहा वर्षांचा हिशोब मांडणार आहे.

आधी प्रवेशाचं बोलू. कायद्याचे दोन रस्ते आहेत. बारावीनंतर पाच वर्षांचा आणि पदवीनंतर तीन वर्षांचा. तुमचा रस्ता दुसरा. तो कमी दर्जाचा आहे असं कुणी म्हणालं तर मनावर घेऊ नका. १९६१ च्या अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्टखाली दोघांना सनद एकच मिळते. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांप्रमाणे प्रवेशासाठी पदवीला खुल्या प्रवर्गाला ४५ टक्के, ओबीसींना ४२ आणि एससी-एसटींना ४० टक्के गुण लागतात. पत्राद्वारे किंवा दूरशिक्षणाने केलेल्या कायद्याच्या पदवीवर सनद मिळत नाही. कॉलेजला बार कौन्सिलची मान्यता आहे का, हे पैसे भरण्याआधी बघा.

राष्ट्रीय विधी विद्यापीठांबद्दल नेहमी विचारलं जातं. त्यांची क्लॅट परीक्षा मुख्यतः बारावीनंतरच्या पाच वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी आणि एलएल.एम.साठी आहे. ती इंग्रजीतूनच होत आली आहे आणि या विद्यापीठांचा वर्षाचा खर्च लाखांत जातो. पदवीधरांसाठी बंगळुरूच्या नॅशनल लॉ स्कूलने २०२२ पासून तीन वर्षांचा अभ्यासक्रम सुरू केला आहे, त्याची परीक्षा वेगळी असते. दिल्ली विद्यापीठाच्या लॉ फॅकल्टीत तीन वर्षांच्या एलएल.बी.चा प्रवेश आता सीयूईटी-पीजीतून होतो. महाराष्ट्रात सीईटी सेलची लॉ सीईटी आहे. तिची प्रश्नपत्रिका इंग्रजी आणि मराठी दोन्हींत असते आणि चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत. म्हणजे एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही.

मोठ्या ठिकाणी नंबर लागत असेल तर जरूर जा, घाबरून मागे फिरू नका. पण जिल्ह्याच्या कॉलेजात प्रवेश मिळाला म्हणून हरलो असंही समजू नका. कॉलेज निवडताना रँकिंग बघण्यापेक्षा चार गोष्टी विचारा. राहायची सोय काय आहे? कोर्ट किती लांब आहे? ग्रंथालय संध्याकाळी किती वाजेपर्यंत उघडं असतं? आणि आपल्या समाजातले मागच्या तीन-चार वर्षांचे विद्यार्थी आज काय करताहेत? चौथ्या प्रश्नाचं उत्तर कॉलेजचं ऑफिस देणार नाही. ते कँटीनमध्ये किंवा बार रूममध्ये जाऊन शोधावं लागतं.

आता कागदपत्रं. महाराष्ट्रात राखीव जागेवर प्रवेश घ्यायचा तर जातीच्या दाखल्याबरोबर जात वैधता प्रमाणपत्र लागतं. निकाल लागल्यावर धावपळ करू नका, आजच फाईल तयार करा. अनुसूचित जाती आणि बौद्धांसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि ओबीसींसाठी १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांपूर्वीचा वास्तव्याचा आणि जातीचा पुरावा मागितला जातो. आजोबा शाळेत गेलेच नसतील तर निर्गम उतारा कुठून येणार? मग महसुली नोंदी, जन्म-मृत्यूची नोंद, चुलत घराण्यातल्या कुणाची वैधता, हे सगळं शोधावं लागतं. त्यात महिने जातात.

हे भाषण महाराष्ट्राबाहेरही वाचलं जाणार आहे, म्हणून हैदराबाद, बेळगाव, इंदूर, सुरतच्या मराठी घरांतल्या मुलांसाठी एक गोष्ट सांगते. एका राज्यात अनुसूचित असलेली जात घेऊन दुसऱ्या राज्यात गेलात, तर त्या राज्याच्या कोट्यात आपोआप हक्क मिळत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९० मध्ये मर्री चंद्रशेखर राव प्रकरणात हे स्पष्ट केलं, आणि ते प्रकरण मुंबईतल्याच एका मेडिकल प्रवेशाचं होतं. तुमचा दाखला कोणत्या राज्याचा आहे आणि जागा अखिल भारतीय कोट्यातली आहे की राज्याच्या, हे अर्ज भरण्याआधी बघा.

पैशाचं बोलू. सरकारी आणि अनुदानित कॉलेजची फी काही हजारांत असते. खाजगी, विनाअनुदानित कॉलेजची बरीच जास्त. महाराष्ट्रात मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आणि फ्रीशिपचे अर्ज महाडीबीटीवर भरायचे असतात. सरकारी वसतिगृहात जागा मिळाली नाही तर अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे, आदिवासी विद्यार्थ्यांसाठी स्वयम् योजना आहे. अर्ज नक्की भरा, पण त्या पैशाच्या भरवशावर महिन्याचं भाडं ठरवू नका. शिष्यवृत्ती येते, पण तिच्या वेळेला येते. मेसवाला आणि घरमालक त्यांच्या वेळेला मागतात.

वर्गात बसल्यावर पहिला धक्का इंग्रजीचा बसतो. मलाही बसला. पण एक लक्षात ठेवा, उच्च न्यायालयाची भाषा इंग्रजी असली तरी महाराष्ट्रातल्या तालुका आणि जिल्हा न्यायालयांची भाषा मराठी आहे. साक्षीदाराची उलटतपासणी मराठीत होते, आणि गावातला माणूस खोटं कुठे बोलतोय आणि भीतीपोटी गप्प कुठे बसलाय, हे तुम्हाला कॉन्व्हेंटच्या मुलापेक्षा लवकर कळतं. इंग्रजी शिकायचं आहेच. माझी पद्धत साधी होती. रोज बेअर अ‍ॅक्टमधलं एक कलम इंग्रजीतून वाचायचं आणि ते रात्री मावशीला मराठीत समजावून सांगायचं. तिला समजलं नाही तर ते मलाही समजलेलं नसायचं.

जुनी पुस्तकं घेताना सांभाळा. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, फौजदारी प्रक्रिया संहिता आणि पुरावा कायदाही बदलला. सिनियरने प्रेमाने दिलेलं जुनं पुस्तक टाकून देऊ नका, कारण जुन्या गुन्ह्यांचे खटले अजून जुन्या कायद्यावर चालू आहेत. पण परीक्षेसाठी नवीन बेअर अ‍ॅक्ट विकत घ्या.

दुसरा धक्का जातीचा. आमच्या कॉलेजात समतेच्या कलमांवर शिकवताना एका प्राध्यापकांनी विचारलं, "वर्गात आरक्षणवाले किती? हात वर करा." मी हात वर केला. पुढचा पाऊण तास वर्ग माझ्याकडे बघून मेरिटवर बोलत होता. मी एकटी उत्तरं देत राहिले आणि रात्री रडले. आज वाटतं, एकटीने उत्तर द्यायला नको होतं. पहिल्याच आठवड्यात आपले सिनियर शोधा. एससी-एसटी सेल आणि समान संधी कक्ष फक्त बोर्डावर आहे की खरंच चालतो ते बघा. काही घडलं तर तारीख, वेळ, शब्द आणि हजर असलेल्यांची नावं त्याच दिवशी लिहून ठेवा. कायद्याच्या विद्यार्थ्याने एवढं तर केलंच पाहिजे.

नियमांप्रमाणे तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान बारा आठवड्यांची इंटर्नशिप लागते. ज्यांचे काका-मामा वकील आहेत त्यांची हायकोर्टात सोय होते. आपले काका तिथे नसतात. मग जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, तालुका कोर्टात फौजदारी चालवणाऱ्या वकिलाकडे जा. रिमांड, जामीन, साक्ष प्रत्यक्ष बघायला मिळेल. आणि जो वकील तुम्हाला नुसतं झेरॉक्सला पळवत नाही, कागद वाचायला देतो, त्याचा नंबर जपून ठेवा. पुढे ज्युनियर म्हणून त्याच्याकडेच जायचं आहे.

इथून दुसरी तीन वर्षं सुरू होतात. पदवीनंतर राज्य बार कौन्सिलकडे नोंदणी करून सनद घ्यायची आणि ऑल इंडिया बार एक्झाम पास व्हायची. सनदेसाठी अनेक राज्यांत पंधरा हजार ते चाळीस हजारांपर्यंत पैसे घेतले जात होते. ३० जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गौरव कुमार प्रकरणात सांगितलं की कायद्यात लिहिलेल्या शुल्कापेक्षा जास्त घेता येणार नाही. ते शुल्क ७५० रुपये आहे, एससी-एसटींसाठी १२५ रुपये. इतर नावाखाली जास्त मागितले तर हा निकाल दाखवा आणि पावती मागा.

सनद स्वस्त झाली, पण त्यानंतरचं पोट स्वस्त झालेलं नाही. बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर २०२४ मध्ये ज्युनियरना शहरात किमान वीस हजार आणि ग्रामीण भागात पंधरा हजार विद्यावेतन द्यावं असं सुचवलं. सुचवलं आहे, सक्ती नाही. आणि सनद चालू ठेवून पूर्णवेळ पगारी नोकरी करता येत नाही.

आमच्या वर्गात एक मित्र होता. पारधी वस्तीतून आलेला. त्याचं इंग्रजी माझ्यापेक्षा चांगलं, युक्तिवाद माझ्यापेक्षा धारदार. मूट कोर्टात तो पहिला यायचा. सनद मिळाल्यावर दोघंही एकाच कोर्टात ज्युनियर म्हणून लागलो. त्याला महिन्याला जे मिळायचं त्यात खोलीचं भाडंही निघत नव्हतं, आणि घरी धाकट्या बहिणीचं शिक्षण चालू होतं. दीड वर्षाने त्याने काळा कोट काढला. आज तो एका फायनान्स कंपनीची थकीत कर्जं वसूल करतो. मी टिकले, कारण शहरात माझ्या मावशीची एक खोली होती आणि तिथे मला भाडं पडत नव्हतं. लोक मला म्हणतात, "तुमच्यात जिद्द होती." जिद्द त्याच्यातही होती. त्याला मावशी नव्हती.

बाबासाहेबांचं उदाहरण आपण जिद्दीसाठी देतो. पण ते बॅरिस्टर होऊन परत आले तेव्हा सनदेसाठी त्यांच्याकडेही पैसे नव्हते, नवल भथेना या मित्राने मदत केली. अस्पृश्यतेमुळे मोठे सॉलिसिटर त्यांना कामं देत नव्हते. तेव्हा ते संसार चालवण्यासाठी बाटलीबॉयच्या अकाउंटन्सी संस्थेत व्यापारी कायदा शिकवत होते. ज्यांच्या विद्वत्तेबद्दल वाद नाही त्यांनाही सुरुवातीला मित्राचा हात आणि जोडकाम लागलं. मग आपल्याला लागलं तर लाज कसली?

म्हणून आजपासून काही गोष्टी ठरवा. घरी सहा वर्षं सांगा, तीन नाही. कॉलेजच्या काळातच एखादं जोडकाम शिकून ठेवा, टायपिंग, मराठी-इंग्रजी भाषांतर, शिकवण्या. कोर्टात मराठी टायपिंग येणाऱ्या ज्युनियरला काम लवकर मिळतं. कोर्ट असलेल्या शहरात तीन-चार जणांनी मिळून खोली घ्या, पुस्तकांचा एकच संच घ्या. आणि ज्यांचं बस्तान बसलंय, नोकरीत आहेत, त्यांना माझं सांगणं आहे: जयंतीच्या वर्गणीसारखीच एखाद्या ज्युनियरच्या खोलीभाड्याची वर्गणी काढा. एका मुलाची तीन वर्षं निघाली तर गावाला पुढची तीस वर्षं वकील मिळतो.

न्यायाधीश व्हायचं असेल तरी हा हिशोब चुकत नाही. पूर्वी पदवीनंतर लगेच दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तराची परीक्षा देता यायची. आपली बरीच मुलं तोच रस्ता धरायची, कारण त्यात उपाशी राहावं लागत नव्हतं. २० मे २०२५ च्या निकालाने सर्वोच्च न्यायालयाने तीन वर्षांच्या वकिलीची अट परत आणली. अट सगळ्यांना सारखी आहे. पण ज्याच्या घरात वकिलाचं चेंबर आहे त्याची ती तीन वर्षं, आणि आपली तीन वर्षं, सारखी नाहीत.

आणि वरचं चित्र बघा. २०१८ पासून उच्च न्यायालयांत नेमलेल्या ७१५ न्यायाधीशांपैकी अनुसूचित जातींचे २२ आणि अनुसूचित जमातींचे १६ होते, असं सरकारनेच मार्च २०२५ मध्ये संसदेत सांगितलं. उच्च न्यायालयाचे बरेचसे न्यायाधीश वकिलांमधून निवडले जातात. दीड वर्षात कोट उतरवणारा मुलगा त्या यादीपर्यंत कसा पोचणार?

मागच्या महिन्यात अ‍ॅट्रॉसिटीच्या एका केसमध्ये फिर्यादी आजी माझ्या टेबलासमोर बसल्या होत्या. त्यांना मी सांगितलं की कलम १५-अ प्रमाणे आरोपीच्या जामिनाच्या सुनावणीची सूचना तुम्हाला मिळाली पाहिजे आणि तिथे तुमचं म्हणणं ऐकलं गेलं पाहिजे. त्या म्हणाल्या, "हे इतके दिवस कुणी सांगितलंच नाही, बाई." पोलीस ठाण्यात, कोर्टात, किती तरी लोकांना हे माहीत होतं. सांगितलं कुणी नाही. तुम्ही वकील व्हावं असं मला वाटतं ते एवढ्यासाठी.

तुमच्यापैकी जे कायद्याला जातील त्यांनी जाताना माझा नंबर घेऊन जा. पहिल्या वर्षी नाही लागला तरी चालेल, चौथ्या वर्षी लागेल.

जय भीम! जय सावित्री!