दारातला दांडा

सकाळी बदलापूरहून भरून आलेली लोकल अंबरनाथला थांबते, तेव्हा चढणारा माणूस आधी दारातला दांडा पकडतो, मग फूटबोर्डावर चार बोटं जागा शोधतो आणि शेवटी अंग रेटून आत शिरतो. एचआयव्हीचा विषाणू आपल्या पेशीत शिरतो तो थोडाफार असाच.

मी बी.ए. झालेला, त्यातून कवी. या विषयावर बोलायचा माझा अधिकार नाही. पण उल्हासनगरात जीन्स शिवणारा माझा एक जुना मित्र आहे. आपल्याला एचआयव्ही असल्याचं त्याने मला सांगितलं आणि तो गेल्यावर मी त्याचा कप वेगळा ठेवला. बायकोने कारण विचारलं. मला सांगता आलं नाही. पुढचे दोन रविवार तो आला नाही. मग मी वाचायला बसलो.

या विषाणूच्या अंगावर प्रथिनांचे खुंट असतात. खुंटाच्या टोकाला जीपी-१२० हे प्रथिन, बुंध्याला जीपी-४१. टोकाला हवा असतो सीडी-४ नावाचा दांडा. तो असतो आपल्या काही पांढऱ्या पेशींवर, म्हणजे पहारेकऱ्यांच्याच अंगावर! हे १९८४ साली कळलं. पण नुसता दांडा धरून भागत नाही. तो धरताच जीपी-१२० आकार बदलतं आणि पाय टेकायला दुसरं प्रथिन शोधतं, बहुधा सीसीआर-५. हा फूटबोर्ड सापडायला १९९६ उजाडलं. भारतात जास्त आढळणारा ‘सी’ उपप्रकार मुख्यतः त्यावरूनच चढतो. पाय टेकला की जीपी-४१ स्प्रिंगसारखं उसळतं, त्याचं टोक पेशीच्या आवरणात रुततं, मग ते दुमडतं आणि दोन्ही आवरणं ओढून एकजीव करतं. विषाणूचा ऐवज आत.

खुंटांवर साखरेच्या रेणूंचा दाट झगा असतो, तोही आपल्याच पेशीत शिवलेला. शरीराने शत्रू ओळखावा तरी कसा?

आता माझा कप. थुंकीतून, उष्ट्या चहातून, हातात हात दिल्याने हा विषाणू जात नाही. धड कातडीचा वरचा थर मेलेल्या पेशींचा. तिथे त्याला धरायला दांडाच नाही. असुरक्षित शरीरसंबंध, दूषित रक्त किंवा सुई, आणि आईकडून बाळाला, एवढ्याच त्याच्या वाटा.

फूटबोर्डच अडवणारं मॅराव्हिरॉक हे औषध २००७ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. माझ्या मित्राच्या गोळ्या मात्र विषाणूला डब्यात शिरल्यावर गाठतात. सरकारने मोफत औषधं द्यायला २००४ साली सुरुवात केली. ती रोज घेऊन रक्तातला विषाणू तपासणीत दिसेनासा राहिला, तर शरीरसंबंधातूनही तो जोडीदाराकडे जात नाही. हे अजून कितीजणांना ठाऊक आहे, कोण जाणे.

तिसऱ्या रविवारी मीच एक स्टेशन मागे गेलो. मशीन बंद करून त्याने खालून एक कटिंग मागवली. कपाचा विषय दोघांनीही काढला नाही. अर्धा चहा बशीत ओतून त्याने बशी माझ्याकडे सरकवली. मी म्हणालो, “बशी तू घे, मला ग्लास दे. अर्धा पिऊन झालास की.”