नदीतले विष आणि आपले ताट

(वर्धापनदिनी झालेले भाषण)



धान्यातला खडा आपण निवडून टाकतो, कारण तो दिसतो. जे दिसत नाही त्याविषयी आज चार शब्द सांगते.

जपानात निगाता शहराजवळ आगानो नदी समुद्राला मिळते. काठचे लोक तिचे मासे नेमाने खात. १९६५ साली तेथे एक विचित्र दुखणे उघडकीस आले. हातपाय बधिर होत, नजर आकसे, चाल अडखळे. डॉक्टरांनी निदान केले, पाऱ्याची विषबाधा. सुमारे ६० किलोमीटर वरच्या अंगाला असलेल्या शोवा डेन्को कंपनीच्या कारखान्यातून ते विष नदीत आले होते. हाच रोग जपानच्याच मिनामाता गावी १९५६ साली आढळला होता. तेव्हाच सर्वत्र सावधगिरी बाळगली असती, तर पुढचे हाल टळले असते.

तुम्ही म्हणाल, एवढ्या पाण्यात ते विरून गेले नाही का? पाण्यात विरले, पण जिवांत साठले. शेवाळाने ते शोषले, शेवाळ किड्यांनी खाल्ले, किडे लहान माशांनी, लहान मासे मोठ्यांनी. हे विष अंगातून फार सावकाश बाहेर पडते. म्हणून दर पायरीला साठा वाढतो. मोठ्या शिकारी माशात तो पाण्यापेक्षा लाखो पटींनी अधिक असू शकतो. तो माशाच्या मांसातच मुरलेला असतो. धुऊन, उकळून वा तळून जात नाही.

शेवटची पायरी मात्र आपण नव्हे. आईच्या वारेतून हे विष गर्भापर्यंत पोहोचते. आई धडधाकट दिसली तरी बाळाच्या मेंदूला इजा होऊ शकते.

आगानोकाठचे रुग्ण १९६७ साली न्यायालयात गेले आणि १९७१ साली जिंकले. मिनामाताच्या नावाने २०१३ साली पाऱ्याविरुद्ध आंतरराष्ट्रीय करार झाला. भारतानेही त्याला मान्यता दिली आहे.

पण घरातही काम आहे. पाऱ्याचा थर्मामीटर फुटला तर खिडक्या उघडा, मुलांना दूर न्या, सोन्याच्या बांगड्या उतरवा. पारा सोन्याला धरतो. केरसुणी लावू नका. जाड कागदाने थेंब गोळा करून झाकणाच्या बाटलीत ठेवा आणि घातक कचऱ्यात द्या. मोरीत ओतू नका. मोरीचे पाणी शेवटी नदीलाच मिळते; तिथल्या गाळातले जंतू साध्या पाऱ्याचेही असेच विष बनवतात.

भगिनींनो, नदीत टाकलेले नाहीसे होत नाही. ते कोणाच्या तरी ताटात येते, एवढे ध्यानात ठेवू या.