तंत्रस्नेही मार्गदर्शकाची घडण : दिल्लीच्या शाळांच्या संदर्भात

शाळेत संगणक आणून ठेवणे आणि त्याच्या आधारे शिकवणे यांतील अंतर भारतात 1984 पासून, म्हणजे ‘क्लास’ या प्रकल्पातून निवडक शाळांमध्ये बीबीसी मायक्रो संगणक पोहोचू लागले तेव्हापासून, सतत जाणवत आले आहे. त्याच वर्षी नवी दिल्लीत एनसीईआरटीची केंद्रीय शैक्षणिक तंत्रज्ञान संस्था स्थापन झाली, पुढे 2004 मध्ये ‘आयसीटी ॲट स्कूल्स’ ही योजना आली, 2017 मध्ये ‘दीक्षा’ हे ऑनलाइन व्यासपीठ सुरू झाले. तरीही प्रत्यक्ष तासिकेत काय बदलले, हा प्रश्न प्रत्येक टप्प्यावर उरलाच. या प्रश्नाला वर्गातच भिडणारा, सहकारी शिक्षकांसोबत बसून त्यांच्या अध्यापनात तंत्रज्ञान मुरवणारा जो अनुभवी शिक्षक, त्याला येथे ‘तंत्रस्नेही मार्गदर्शक’ म्हटले आहे, आणि इतरांना घडवणाऱ्या या शिक्षकाची स्वतःची घडण कशी व्हावी, हा प्रस्तुत व्याख्यानाचा विषय आहे.

अशा मार्गदर्शकाची मुळात गरज आहे का, ही शंका दिल्लीतच एका प्रसिद्ध प्रयोगाने उभी केली. 1999 मध्ये सुगत मित्र यांनी कालकाजी येथे एनआयआयटीच्या कार्यालयालगतच्या भिंतीत संगणक बसवला आणि शेजारच्या वस्तीतील मुले कोणी न शिकवता तो हाताळू लागली. मुलांच्या जिज्ञासेचा हा पुरावा मोलाचा आहे; परंतु यंत्र हाताळता येणे म्हणजे अपूर्णांक किंवा प्रकाशसंश्लेषण समजणे नव्हे, आणि या प्रयोगावरून शिक्षकच अनावश्यक ठरवणे हे त्या पुराव्यावर त्याला न पेलणारे ओझे लादणे होय.

मार्गदर्शकाला नेमके काय यावे लागते, याची सर्वांत उपयुक्त मांडणी पुण्य मिश्रा आणि मॅथ्यू कोहलर यांनी 2006 मध्ये केली. मुंबईच्या आयआयटीत अभिकल्पाचे शिक्षण घेतलेले मिश्रा आणि त्यांचे सहकारी यांनी ली शुल्मन यांचा 1986 मधील विचार पुढे नेला. शुल्मन यांच्या मते विषयाचे ज्ञान आणि अध्यापनाचे ज्ञान यांच्या संयोगातून शिक्षकाचे खास ज्ञान तयार होते. मिश्रा आणि कोहलर यांनी त्यात तंत्रज्ञानाची जाण जोडली आणि ही तिन्ही अंगे एकमेकांत गुंतलेली असतात, असे प्रतिपादन केले. सातवीच्या वर्गात शिक्षिका जिओजेब्रा या गणिती सॉफ्टवेअरमध्ये त्रिकोणाचा शिरोबिंदू सरकवते, तिन्ही कोन बदलतात, बेरीज मात्र 180 अंशच राहते आणि मुले थक्क होऊन पाहतात, असे समजू. केवळ यंत्र जाणणारा निरीक्षक हा पाठ यशस्वी मानून निघून जाईल. जाणता मार्गदर्शक मात्र बिंदू सरकवण्यापूर्वी मुलांना अंदाज करायला सांगितले होते का, कोणी वहीत स्वतः कोन मोजले का, पडद्यावर नेहमी जुळणारी बेरीज वहीत कधी 179 का येते यावर बोलणे झाले का, हे टिपेल आणि तास संपल्यावर त्याविषयी शिक्षिकेशी, तिला कमीपणा न आणता, चर्चा करील. हे पाहणे आणि हे बोलणे हीच त्याची खरी विद्या आहे. नवीन ॲप दर महिन्याला येतात; त्यांची माहिती जमवत राहण्याला वाढ म्हणता येत नाही.

ही विद्या भाषणांतून येत नाही. प्रशिक्षणात ऐकलेले वर्गात उतरण्यासाठी प्रात्यक्षिक, सराव आणि त्यानंतर वर्गातच मिळणारी सोबत आवश्यक असते, हे ब्रूस जॉइस आणि बेव्हर्ली शॉवर्स यांनी 1980 च्या दशकातच मांडले होते. 2019 मध्ये सुरू झालेल्या ‘निष्ठा’ प्रशिक्षणाचा विस्तार आणि राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 ने सुचवलेले वर्षाला 50 तासांचे व्यावसायिक शिक्षण स्वागतार्हच आहे. मात्र हे तास पडद्यासमोर बसून प्रमाणपत्र मिळवण्यात संपले, तर मार्गदर्शकाच्या पदरी फारसे पडत नाही.

दिल्ली सरकारने 2016 मध्ये सुरू केलेला ‘मेंटॉर टीचर’ उपक्रम या दृष्टीने अभ्यासण्याजोगा आहे. सेवेतील सुमारे 200 शिक्षकांची निवड करून प्रत्येकाकडे काही शाळा सोपवण्यात आल्या. त्या शाळांत जाऊन वर्ग पाहणे आणि शिक्षकांना साहाय्य करणे हे त्यांचे काम ठरले. मार्गदर्शक शिक्षकांमधूनच यावा आणि त्याला या कामासाठी वेळ मिळावा, ही दोन तत्त्वे त्यातून घेण्यासारखी आहेत. याउलट अनेक शाळांत तंत्रज्ञान सांभाळणाऱ्या शिक्षकाचा दिवस प्रोजेक्टर दुरुस्त करण्यात आणि ऑनलाइन माहिती भरण्यात जातो. सहकाऱ्याच्या वर्गात बसण्याची सवडच नसलेला माणूस मार्गदर्शक म्हणून वाढणार तरी कसा?

राजधानी परिसरात आणखी एक अडचण आहे. दिल्ली, गुरुग्राम आणि नोएडा यांच्यात मेट्रोचे अंतर असले, तरी तेथील सरकारी शिक्षक तीन वेगवेगळ्या राज्यव्यवस्थांचे आहेत; त्यामुळे एकाच प्रकारचे काम करणारे मार्गदर्शक क्वचितच एकत्र येतात आणि एकमेकांचे वर्ग पाहण्याची संधी त्यांना मिळत नाही. मार्गदर्शकालाही मार्गदर्शक हवा असतो, आणि तो बहुधा समव्यवसायीच असतो. म्हणून एप्रिलमध्ये नव्या सत्राचे वेळापत्रक आखताना मुख्याध्यापकांनी या शिक्षकाच्या आठवड्यातील काही तासिका केवळ इतरांच्या वर्गनिरीक्षणासाठी मोकळ्या ठेवाव्यात आणि महिन्यातून एक दिवस त्याला शेजारच्या राज्यातील शाळेत जाण्याची अनुमती द्यावी.