उन्हापासून युरिया : कारखान्यातला आणि सोयाबीनच्या मुळावरचा

(मुरुड, जि. लातूर येथील शेतकरी मेळाव्यात दिलेले भाषण)



उन्हापासून इंधन आणि खत तयार होणार, असे हल्ली कानावर येते. मुरुडला उन्हाची वाण नाही. वाण आहे ती पाण्याची. 2016 साली लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले, हे आपण विसरलेलो नाही. तेव्हा ही गोष्ट आपल्या कितपत कामाची, हे युरियाच्या एका पोत्यावरूनच पाहू.

45 किलोच्या पोत्यात 46 टक्के, म्हणजे 20.7 किलो नत्र असते. हवेत नत्र 78 टक्के आहे, पण त्याचे अणू एकमेकांना इतके घट्ट धरून असतात की पिकाला ते घेता येत नाही. जर्मनीत हाबर यांनी 1909 मध्ये ही पकड सोडविण्याची रीत दाखविली आणि 1913 मध्ये तिचा कारखाना सुरू झाला. नत्र व हायड्रोजन हे वायू लोखंडाच्या उत्प्रेरकावरून 400 ते 500 अंश तापमानात, प्रचंड दाबाखाली नेले की अमोनिया होतो. उत्प्रेरक म्हणजे सोयरीक जुळविणारा मध्यस्थ समजा. लग्न दुसऱ्यांचे लागते, हा पुढच्या घरी जायला मोकळा!

यातला हायड्रोजन नैसर्गिक वायूपासून काढतात. रायगड जिल्ह्यात थळ येथे आर.सी.एफ.चा कारखाना याच पद्धतीने चालतो (तिकडेही एक मुरुड आहे, जंजिऱ्याचे). देशाला लागणाऱ्या वायूपैकी जवळजवळ निम्मा बाहेरून येतो. म्हणून पाण्यातून सौर विजेने हायड्रोजन काढावा, असा प्रयत्न आहे. केंद्र सरकारने जानेवारी 2023 मध्ये यासाठी 19,744 कोटी रुपयांचे राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियान मंजूर केले.

आता हिशेब. एका पोत्याला सुमारे साडेचार किलो हायड्रोजन लागतो. त्यासाठी पाणी फुटते अवघे 40 लिटर, म्हणजे दोन-अडीच घागरी. शुद्धीकरण व थंडाव्यासाठी आणखी लागते, ते वेगळे. अडचण विजेची आहे. सव्वादोनशे ते अडीचशे युनिट वीज हवी. एक किलोवॅटचे सौरपॅनेल आपल्याकडे दिवसाला सरासरी चार युनिट देते. म्हणजे एका पोत्याला जवळजवळ दोन महिने. वीज तीन रुपये युनिट धरली तरी सातशे रुपये विजेचेच होतात, आणि अनुदानित पोते आपल्याला 266 रुपये 50 पैशांना मिळते. त्यामुळे हा युरिया उद्या दुकानात येईल, या भ्रमात राहू नये.

युरियाला कार्बन डायऑक्साईडही लागतो. नैसर्गिक वायूच्या कारखान्यात तो आपोआप निघतो. पाण्यातून हायड्रोजन काढला तर निघत नाही. इथे उसाचा भाग म्हणून आपला संबंध येतो. मळी आंबताना अल्कोहोलबरोबर बराचसा शुद्ध कार्बन डायऑक्साईड निघतो. रसायनशास्त्राच्या हिशेबाने 44 लिटर इथेनॉलमागे निघणारा वायू युरियाच्या एका पोत्याला पुरतो. आसवनी असलेल्या साखर कारखान्यांच्या संचालकांनी ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

वीज मध्ये न आणता थेट उन्हानेच पाणी फोडण्याचेही प्रयोग चालू आहेत. जपानमध्ये फुजिशिमा व होंडा यांनी 1972 मध्ये टायटॅनियम डायऑक्साईडवर ते करून दाखविले. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत डॉ. गोपीनाथ यांच्या गटाने 2017 मध्ये याच धर्तीवर ‘कृत्रिम पान’ तयार केले. काम मोलाचे आहे, पण काचेच्या भांड्यातून शिवारात यायला वेळ लागेल.

मात्र उन्हावर चालणारा अमोनियाचा एक कारखाना आपल्या शेतात आजच आहे. सोयाबीन, तूर, हरभऱ्याच्या मुळांवरील गाठी! पान उन्हात साखर तयार करते, ती मुळावाटे गाठीतल्या रायझोबियम जिवाणूंना मिळते आणि त्यांचे लोह-मॉलिब्डेनमयुक्त विकर हवेतल्या नत्राचा अमोनिया करते. ना 400 अंशांची भट्टी, ना दाब.

हा कारखाना चालू आहे की बंद, हे पाहणे सोपे आहे. पेरणीनंतर 35 ते 40 दिवसांनी चार-पाच झाडे मातीसकट अलगद खणून काढा, मुळे धुवा आणि गाठ नखाने फोडा. आतून गुलाबी-लाल निघाली तर काम चालू आहे. पांढरी किंवा हिरवट निघाली तर नत्र मिळत नाही. बरेच जण सोयाबीन जरा पिवळे दिसले की युरियाची मूठ टाकतात. जमिनीत आयता नत्र मिळाला की झाड गाठींना साखर देत नाही, आणि फुकटचा कारखाना पैसे देऊन बंद पडतो. शिवाय पिवळेपणा पुष्कळदा साचलेल्या पाण्याचा किंवा लोहाच्या कमतरतेचा असतो.

बीजप्रक्रिया करताना बुरशीनाशक आधी लावावे, नंतर सोयाबीनचेच रायझोबियम 10 किलो बियाण्यास 250 ग्रॅम लावावे. तुरीचे पाकीट सोयाबीनला चालत नाही. पाकिटावरची मुदत पाहून घ्यावी. बियाणे सावलीत सुकवून लगेच पेरावे. पाकीट मोटारसायकलच्या डिकीत उन्हात तापले तर आतले जिवाणू मरतात, मग लावले काय आणि न लावले काय, सारखेच.